गुणी बाळ, हट्टी बाळ

दोन वर्षांपूर्वी श्रावणात हातोदला मावसबहिणीकडे गेले होते. इंदूरच्या विमानतळाकडून गांधीनगर मागे टाकलं की रस्त्याच्या दोन्ही अंगांना सोयाबीन सुरू होतं. तिला नातू झाला होता, महिन्याभराचा. आल्यागेल्या प्रत्येकीला ती कौतुकानं सांगत होती, "फार गुणी आहे हो. रडणं कसं ते माहीत नाही. दुधालासुद्धा उठवावं लागतं."

जेवणं आटोपल्यावर मी सुनेजवळ जाऊन बसले. शी कधी केली होती? "चार दिवस झाले, मावशी." डोळ्यांत अजून काविळीची पिवळसर झाक होती. रडतो तेव्हा आवाज कसा येतो, म्हणून विचारलं. ती जरा थांबली आणि म्हणाली, "घोगरा. घसा बसल्यासारखा."

मी डॉक्टर नाही. माझी तीस वर्षं बालवाडीतल्या मुलांमध्ये गेली. त्यातल्या एका मुलीचा आजार फार उशिरा लक्षात आला होता आणि तेव्हापासून या तीन-चार खुणा माझ्या मनात पक्क्या बसल्या आहेत. "उद्याच इंदूरला ने, थायरॉइड तपासून घे," एवढंच मी म्हटलं. दुसऱ्या दिवशी रक्त दिलं, थायरॉइड कमी पडली की रक्तात वाढणारं टीएसएच कितीतरी पटींनी वाढलेलं निघालं आणि त्याच संध्याकाळी गोळी सुरू झाली.

आपल्या घरांमध्ये मूल दोन-तीन महिन्यांचं होईतो त्याला एक विशेषण चिकटतं. हा गुणी, ही रडवी, तो दांडगा, ती लाजाळू. विशेषण चिकटलं की मुलाकडे बघणं थांबतं. यातलं बरंचसं खरोखरच स्वभावाचं असतं आणि त्याला औषध लागत नाही. थोडं मात्र शरीरातल्या संप्रेरकांच्या बिघाडाचं असतं, आणि त्याला वेळेवर औषध न मिळाल्यास मुलाचं आयुष्यभराचं नुकसान होतं. शिवाय बरंच काही या दोहोंच्या मधलं असतं: झोप, भीती, घरातलं वातावरण. तिथे संप्रेरकं आपलं काम बरोबर करत असतात, आपल्यालाच त्यांचं म्हणणं कळत नाही. या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या ओळखता याव्यात, म्हणून हा लेख.

संप्रेरक म्हणजे हार्मोन. अर्नेस्ट स्टार्लिंग या इंग्रज शरीरशास्त्रज्ञानं १९०५ मध्ये हा शब्द वापरात आणला, तो ग्रीक भाषेतल्या 'चालना देणं' या अर्थाच्या क्रियापदावरून. मराठी शब्दातही प्रेरणा आहेच. एका ग्रंथीतून निघायचं, रक्तातून फिरायचं आणि दूरच्या अवयवाला निरोप द्यायचा, हे त्याचं काम. निरोप कमी पोचला, जास्त पोचला किंवा भलत्या वेळी पोचला, तर ते मुलाच्या वागण्यात दिसतं. पण प्रत्येक वागण्यामागे बिघडलेला निरोप असतोच असं नाही.

न रडणारं बाळ

गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीतून थायरॉक्सिन निघतं. शरीरातली प्रत्येक पेशी किती वेगानं काम करणार, हे त्यावर ठरतं. पहिल्या दोन-तीन वर्षांत मेंदूची जी झपाट्यानं जडणघडण होते, ती याच्यावाचून नीट होत नाही. काही बाळांमध्ये ही ग्रंथी जन्मतःच नसते, अपुरी असते किंवा चुकीच्या जागी असते. भारतात साधारण हजार-बाराशे बाळांमागे एकाला हा त्रास असतो. पोटात असेपर्यंत आईचं थायरॉक्सिन थोडंफार पुरतं, त्यामुळे जन्मतः बाळ अगदी चांगलं दिसतं. वजन चांगलं, रंग चांगला. नंतर हळूहळू ते मंदावत जातं. खूप झोपतं, दूध ओढताना दमतं, शी कोरडी आणि चार-चार दिवसांनी होते, हातपाय गार लागतात, जीभ मोठी वाटते, बेंबी फुगते, कावीळ पंधरा दिवस उलटले तरी जात नाही, रडणं घोगरं येतं. यातली एकेक खूण निरोगी बाळांतही दिसते. दोन-तीन एकत्र दिसल्या तर मात्र वाट पाहू नये.

तरीही खुणांची वाट बघणं ही मुळातच उशिराची वाट आहे. जन्मानंतर दोन-तीन दिवसांनी बाळाच्या टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन टीएसएच तपासता येतं. कित्येक देशांत १९७० च्या दशकापासून ही तपासणी प्रत्येक बाळाची होत आली आहे. आपल्याकडे गोवा सरकारनं २००८ मध्ये नवजात बाळांच्या तपासणीची मोहीम हाती घेतली होती. सगळीकडे ती आपोआप होते असं धरून चालू नका. बाळंतिणीला घरी सोडतानाच रुग्णालयात सरळ विचारा, "बाळाची टीएसएच झाली का? कागद दाखवा." झाली नसेल तर करून घ्या. उपचार पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झाले तर मूल इतर मुलांसारखंच शिकतं, बोलतं, वाढतं. उपाय म्हणजे रोजची एक स्वस्त गोळी. बाळ महिन्या-दोन महिन्यांचं झालं असेल तरी "आता काय उपयोग" म्हणून बसू नका, प्रत्येक आठवडा मोलाचा आहे.

गोळीबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण घराघरांत इथेच चुका होतात. गोळी चमच्यात बारीक करून आईच्या दुधात किंवा पाण्यात कालवून तिथल्या तिथे पाजावी. बाटलीभर दुधात मिसळू नये, दूध उरलं की औषधही उरतं. रोज एकाच वेळी द्यावी. लोहाचं किंवा कॅल्शियमचं औषध त्याच वेळी देऊ नये, दोन्हींत काही तासांचं अंतर ठेवावं. हीच गोष्ट सोयाची. सोयामुळे आतड्यातून ही गोळी कमी शोषली जाते. हातोद-देपालपूरकडे सोयाबीन शेतातही आहे आणि घरातही, तेव्हा हे लक्षात असू द्या. निरोगी मुलाला सोयाच्या वड्या किंवा सोयाचं पीठ घातलेली पोळी बेतानं दिल्यानं काही बिघडत नाही. "सोयानं पोरांचे हार्मोन बिघडतात" हे ऐकून ताटातलं स्वस्त प्रथिन काढून टाकू नका. गोळी चालू असलेल्या मुलापुरतंच वेळेचं पथ्य पाळा, आणि घरात सोया रोजचं असेल तर डॉक्टरांना सांगा, म्हणजे ते मात्रा त्या हिशेबानं ठरवतील.

याच संदर्भात मिठाचंही बोलायला हवं. थायरॉक्सिन बनायला आयोडीन लागतं. भारतात गलगंडाविरुद्धचा राष्ट्रीय कार्यक्रम १९६२ मध्ये सुरू झाला आणि खाण्यासाठी आयोडीनविरहित मीठ विकण्यावर २००६ पासून बंदी आहे. अलीकडे मात्र शहरातल्या आणि गावातल्याही स्वयंपाकघरांत गुलाबी सैंधव शिरलं आहे. त्यात मुद्दाम आयोडीन घातलेलं नसेल तर ते गरोदर बाईच्या आणि लहान मुलाच्या गरजेला पुरत नाही. उपासाला सैंधव जरूर वापरा. रोजच्या डाळ-भाजीत पिशवीवर 'आयोडीनयुक्त' लिहिलेलंच मीठ असू द्या, डबा घट्ट झाकणाचा असू द्या.

एक अनुभवाची गोष्ट. बाळ सारखं रडतं म्हणून विचारायला येणाऱ्या आयांपैकी काही स्वतःच थकलेल्या, छातीत धडधडणाऱ्या, हात थरथरणाऱ्या असतात. बाळंतपणानंतरच्या वर्षात आईची थायरॉइड ग्रंथीही बिघडू शकते. आधी खूप चिडचिड आणि घालमेल, मग काही महिन्यांनी सुस्ती आणि उदासी. घरचे म्हणतात, "हिचा स्वभावच बदलला." तेव्हा बाळाबरोबर आईचीही तपासणी करून घ्या.

लाजाळू, भित्री, हट्टी

आता खऱ्या स्वभावाकडे येऊ. न्यूयॉर्कमध्ये अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या मानसोपचारतज्ज्ञ दांपत्यानं १९५६ मध्ये बाळांचा एक दीर्घ अभ्यास सुरू केला आणि ती मुलं मोठी होईपर्यंत चालू ठेवला. त्यांना दिसलं की साधारण ४० टक्के मुलं सांभाळायला सोपी असतात, १० टक्के अवघड, १५ टक्के नव्या गोष्टीला हळूहळू रुळणारी, आणि उरलेली कुठल्याच खणात नीट बसत नाहीत. त्यांचा सगळ्यात महत्त्वाचा निष्कर्ष वेगळाच होता. अवघड मुलाचं पुढे काय होणार, हे घर आणि मूल यांचा मेळ कसा बसतो त्यावर ठरतं. धडपड्या मुलाला अंगण मिळालं तर तो खेळाडू, तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत तोच उपद्रवी.

या स्वभावाशी ज्या संप्रेरकाचा सगळ्यात जवळचा संबंध आहे, ते म्हणजे कॉर्टिसॉल. मूत्रपिंडांच्या माथ्यावरच्या ग्रंथींतून ते निघतं. त्याला 'ताणाचं हार्मोन' म्हणून बदनाम केलं गेलं आहे. खरं तर ते आपल्याला सकाळी उठवतं, दिवसभर उभं ठेवतं आणि रात्री खाली उतरतं. घाबरल्यावर आधी काही सेकंदांत अ‍ॅड्रेनलिन उसळतं, मागोमाग काही मिनिटांनी कॉर्टिसॉल चढू लागतं आणि वीस-तीस मिनिटांत शिखर गाठतं. उतरायला त्याहून जास्त वेळ लागतो.

हे वेळापत्रक आई-वडिलांनी पाठ करावं असं मला मनापासून वाटतं. मुलानं जमिनीवर लोळण घेतली, किंचाळलं, दहा मिनिटांनी शांत झालं. आपण लगेच समजूत घालायला बसतो: असं का केलंस, पुन्हा करशील का, सॉरी म्हण. बाहेरून मूल शांत दिसतं, आतून ते अजून शांत झालेलं नसतं. त्या वेळचा उपदेश आत पोचत नाही आणि बहुतेकदा दुसरी लोळण सुरू होते. त्या अर्ध्या-पाऊण तासात पाणी द्या, जवळ बसा, मुलाची तयारी असेल तर मांडीवर घ्या, आवाज खाली ठेवा. बोलायचं ते संध्याकाळी, जेवण झाल्यावर, दोन वाक्यांत. हट्टाची वस्तू मात्र देऊ नका. मायेनं जवळ घेणं वेगळं आणि हट्ट पुरवणं वेगळं, आणि मुलाला तो फरक बरोबर कळतो.

लाजाळू मुलांबद्दल अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात मेगन गुन्नार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात एक सुंदर प्रयोग केला. दीड वर्षाच्या मुलांसमोर अनोळखी विदूषक, यंत्राचं बाहुलं अशा गोष्टी आणल्या. आई खोलीतच होती. आधी आणि नंतर मुलांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल मोजलं. बुजऱ्या मुलांपैकी ज्यांचा आईवर पक्का भरवसा होता, ती विदूषकापासून दूर राहिली, आईला बिलगली, पण त्यांचं कॉर्टिसॉल चढलं नाही. जी बुजरी होती आणि आईचा भरवसाही वाटत नव्हता, त्यांचं चढलं. म्हणजे बुजरेपणा तोच, आतली घालमेल मात्र आईच्या आधारानं थांबली. मी बालवाडीत हे वर्षानुवर्षं पाहिलं होतं, लाळेच्या थेंबात ते मोजता येतं हे वाचल्यावर मला फार बरं वाटलं.

याचा व्यवहारातला अर्थ असा. जून-जुलैत मूल पहिल्यांदा अंगणवाडीत किंवा बालवाडीत जातं. पहिल्या दिवशी दारात सोडून, त्याची पाठ वळताच पळ काढू नका. पहिले तीन-चार दिवस आत बसा. पाचव्या दिवशी "मी भाजी घेऊन येते" असं सांगून अर्धा तास जा आणि सांगितलेल्या वेळेला परत या. तिथल्या शिकवणाऱ्या दीदींशी बोलून ठेवा की याला गटात बसवण्याची घाई नको, कोपऱ्यातून बघू द्या. पाळणाघरात दिवसभर राहणाऱ्या लहान मुलांचं कॉर्टिसॉल दुपारनंतर उतरायचं सोडून चढतं, असं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. त्याच मुलांचं घरी असताना ते उतरतं. म्हणून तिथून आल्याबरोबर मूल आईवर का उखडतं, याचं कोडं वाटून घेऊ नका. दिवसभर धरून ठेवलेलं ते विश्वासाच्या माणसापाशी मोकळं होतं. घरी आल्यावर पहिला अर्धा तास प्रश्न नकोत, मोबाइल नको, पाहुणे नकोत.

बागुलबुवा, झोळीवाला बाबा, पोलीस, इंजेक्शन देणारे डॉक्टर: यांच्या धाकानं गप्प झालेलं मूल शांत झालेलं नसतं, घाबरलेलं असतं. धपाट्याचंही तेच. रोज घाबरणाऱ्या मुलाची ही ताणाची यंत्रणा एक तर सतत चढलेली राहते किंवा थकून बोथट होते. रुमानियातल्या अनाथालयांमधल्या मुलांचा २००० पासून चाललेला अभ्यास यासाठी प्रसिद्ध आहे. मायेच्या माणसाविना वाढलेल्या मुलांच्या शरीरात ताणाला प्रतिसाद म्हणून चढायला हवं तेवढं कॉर्टिसॉल चढतच नव्हतं. त्यातली जी मुलं दोन वर्षांची होण्याआधी सांभाळणाऱ्या कुटुंबांत गेली, त्यांचा प्रतिसाद बारा वर्षांच्या सुमाराला सामान्य मुलांसारखा दिसला. आपल्या घरात एकदा आवाज चढला, एकदा हात उठला, म्हणून आईनं स्वतःला दोष देत बसू नये. मुलाला घडवतं ते रोजचं वातावरण, आणि चुकल्यावर जवळ घेऊन "मी ओरडले, चुकलं माझं" म्हणणं हाही त्याच वातावरणाचा भाग आहे.

सराफ्यातली रात्र

इंदूरच्या सराफ्यात सोन्याची दुकानं बंद झाल्यावर खाण्याची दुकानं लागतात. रात्री साडेअकराला कडेवर दोन वर्षांचं पोर घेऊन भुट्ट्याचा कीस खाणारी घरं मी पाहिली आहेत, आणि ते पोर त्या झगमगाटात टक्क जागं असतं. "याला झोपच येत नाही हो," असं आई सांगते.

अंधार पडला की मेंदूतल्या एका छोट्या ग्रंथीतून मेलाटोनिन निघतं आणि शरीराला रात्र झाल्याचं कळवतं. तान्ह्या बाळाला ही लय नसते, ती तिसऱ्या महिन्याच्या सुमाराला बसू लागते. म्हणून तान्हं बाळ दिवसा झोपतं आणि रात्री जागतं, यात त्याचा दोष नाही. मोठ्या मुलात मात्र ही लय आपण मोडतो. लहान मुलांच्या डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या आणि भिंगं स्वच्छ असतात, त्यामुळे उजेड जास्त आत शिरतो. कोलोरॅडो विद्यापीठातल्या एका प्रयोगात तीन ते पाच वर्षांच्या मुलांना झोपण्याआधी तासभर प्रखर उजेडात खेळवलं, तेव्हा त्यांचं मेलाटोनिन जवळजवळ ९० टक्के घटलं आणि उजेड काढल्यावरही बराच वेळ वर आलं नाही. मग झोपेची वेळ टळून गेलेलं मूल सुस्तावत नाही. उलट उड्या मारतं, हसतं, चावतं, फेकतं. दुसऱ्या दिवशी दीदी सांगतात, फार चंचल आहे.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये दिलेला हिशेब असा: एक-दोन वर्षांच्या मुलाला दुपारच्या झोपेसह ११ ते १४ तास, तीन-चार वर्षांच्या मुलाला १० ते १३ तास. पडद्यासमोर बसवणं एक वर्षाच्या मुलाला अजिबात नको, दोन ते चार वर्षांपर्यंत दिवसाला फार तर एक तास. वाढीचं संप्रेरकही गाढ झोपेतच जोमानं पाझरतं. "झोपेत बाळ वाढतं" हे आजीचं म्हणणं त्यामुळे अगदी खरं आहे.

संध्याकाळी साडेसातनंतर मोठा दिवा बंद, पिवळा लहान दिवा चालू. जेवण, अंग पुसणं, गोष्ट, अंथरूण, रोज याच क्रमानं. पंधरा दिवस हे नेटानं करून बघा आणि त्यानंतरच मूल चंचल आहे की नाही ते ठरवा. लग्नसराईत, गरब्याच्या दिवसांत मोडेल, पुन्हा बसवा. आणि झोपेच्या म्हणून मिळणाऱ्या मेलाटोनिनच्या गोड गोळ्या स्वतःच्या मनानं देऊ नका.

जिलेबी आणि टेस्टोस्टेरॉन

पोहे-जिलेबी खाल्ली की पोरं उधळतात, ही इंदूरची घट्ट समजूत. मार्क वोलरेक यांनी १९९५ मध्ये तोवरचे नीट केलेले प्रयोग एकत्र तपासले, आणि साखरेनं मुलांचं वागणं बदलतं याला आधार मिळाला नाही. त्याआधीच्या एका प्रयोगात आयांना "मुलाला साखर दिली आहे" असं सांगितलं, प्रत्यक्षात दिलीच नव्हती. तरी त्या आयांना आपली मुलं जास्त उधळलेली वाटली. साखर दातांसाठी आणि वजनासाठी कमी करा, ती कारणं पुरेशी आहेत. उधळण्याचं कारण बहुधा पाहुणे, गोंगाट आणि टळलेली झोप हे असतं.

दुसरी समजूत मुलग्यांची. चौथ्या वर्षी मुलग्यांच्या अंगात टेस्टोस्टेरॉनची लाट येते म्हणून ते मारामारी करतात, असं पालकत्वाच्या पुस्तकांत वाचायला मिळतं. तसं मोजमापात दिसत नाही. मुलग्यांमध्ये हे संप्रेरक पोटात असताना आणि जन्मानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत वाढलेलं असतं. पुढे वयात येईपर्यंत ते मुलींइतकंच नगण्य असतं. पोटातल्या काळाचा खेळण्याच्या आवडीवर थोडा परिणाम होतो, याला आधार आहे. पण चार वर्षांचा मुलगा बहिणीला रोज मारतो आणि घर म्हणतं "मुलगाच आहे तो", तिथे हार्मोनला मध्ये आणू नये. त्याला थांबवायला हवं, आणि मुलीलाही झाडावर चढू द्यायला हवं.

बाटलीवरचं नाव वाचा

औषधानं मुलाचा स्वभाव पालटतो, हे मात्र अगदी खरं आहे, आणि ते औषध म्हणजे स्टेरॉइड. कॉर्टिसॉलचीच ती तयार केलेली भावंडं. दम्याला, मूत्रपिंडाच्या एका आजारात, तीव्र अ‍ॅलर्जीत ती प्राण वाचवतात आणि डॉक्टरांनी दिली तर घ्यायलाच हवीत. पण त्या दिवसांत मूल सारखं खा-खा करतं, रात्री जागतं, क्षणात रडतं आणि क्षणात चिडतं. हे औषधाचं आहे, मात्रा उतरली की जातं. मुलाला त्यावरून रागावू नका, दीदींना आणि आजी-आजोबांना आधीच सांगून ठेवा.

माझी काळजी वेगळ्याच बाटल्यांची आहे. सर्दी-खोकल्याला, "लवकर बरं वाटावं" म्हणून, कुठल्याही कागदाशिवाय थेंब दिले जातात. मूल दोन दिवसांत खेळू लागतं, भूक वाढते, गाल भरतात. आई खूश होऊन पुढच्या वेळी तेच थेंब मागून घेते. बाटलीवर डेक्सामेथासोन, बेटामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन लिहिलं असेल तर ते स्टेरॉइड आहे. नावं वाचता येत नसतील तर दुकानदाराला विचारा, "यात स्टेरॉइड आहे का?" मुलांच्या पुरळावर लावायच्या मलमांचंही तेच. हे औषध दोन-तीन आठवड्यांहून जास्त चाललं असेल तर एकदम बंद करू नका. शरीराची स्वतःची ग्रंथी तोवर झोपी गेलेली असते, आणि ताप-उलट्या झाल्या तर मुलाच्या जिवावर बेतू शकतं. बालरोगतज्ज्ञांना बाटली दाखवून हळूहळू उतरवा.

डॉक्टरांकडे कधी जायचं? काही बदल स्वभावाचे नसतात, कारण ते अचानक येतात. सुकं राहायला शिकलेलं मूल पुन्हा अंथरूण ओलं करतं, घटाघटा पाणी पितं, वाळत जातं, किरकिरं होतं. त्याच दिवशी रक्तातली साखर तपासा. हा लहान मुलांतला मधुमेह असू शकतो आणि त्यात दिवस घालवणं धोक्याचं आहे. इन्सुलिन चालू असलेल्या मुलानं अकारण भांडण काढलं, घाम फुटला, तर आधी साखर मोजा, मग रागवा. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात बाळ सारखं उलट्या करतं, मलूल पडतं, वजन घटतं, तर थेट मोठ्या रुग्णालयात न्या, त्यात अ‍ॅड्रेनल ग्रंथीचा जन्मजात दोषही असू शकतो. मुलीला आठव्या आणि मुलाला नवव्या वर्षाआधी वयात येण्याची चिन्हं दिसली तर "आजकाल लवकरच होतं" म्हणून सोडून देऊ नका.

आणि उंची. तीच संप्रेरकांचा सगळ्यात स्वस्त आरसा आहे. पुण्याचे बालसंप्रेरकतज्ज्ञ डॉ. वामन खाडिलकर यांच्या पुढाकारानं बालरोगतज्ज्ञांच्या अखिल भारतीय संघटनेनं पाच वर्षांपुढच्या भारतीय मुलांसाठी वाढीचे तक्ते २०१५ मध्ये नव्यानं काढले. लहानांसाठी अंगणवाडीतला तक्ता आहेच. दाराच्या चौकटीवर दर वाढदिवसाला पेन्सिलीनं रेघ आणि तारीख टाका. चौथ्या वाढदिवसापासून मूल वर्षाला पाच सेंटीमीटरसुद्धा वाढत नसेल तर ते डॉक्टरांना सांगा.

रडता रडता श्वास कोंडून निळं पडणारं, माती खाणारं, सदा किरकिरं मूल बहुधा हार्मोनचं नसतं, रक्ताचं असतं. पाच वर्षांखालच्या मुलांतलं रक्तक्षयाचं प्रमाण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभरात ६७ टक्के निघालं. आशाताईंकडे मिळणारं लोहाचं औषध आठवड्यातून दोनदा द्या.

हातोदसारख्या गावात असाल तर सुरुवात अंगणवाडीच्या दीदींपासून करा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत येतं तेव्हा मूल घरी ठेवू नका. पुढे इंदूरला एमवाय रुग्णालयाच्या आवारातलं चाचा नेहरू बाल चिकित्सालय आहे. जाताना काय दिसलं, कधीपासून, किती वेळा, झोप किती, शी कशी, कुठली औषधं चालू, हे वहीच्या एका पानावर लिहून न्या. हट्टी मुलासाठी 'हार्मोन पॅकेज' म्हणून सगळ्या तपासण्या करून घेऊ नका. कॉर्टिसॉलचा आकडा सकाळी आठला एक असतो आणि रात्री दुसरा. शंका ठरल्याशिवाय काढलेला आकडा फक्त घाबरवतो.

गेल्या महिन्यात पुन्हा हातोदला गेले होते. नातू आता दोन वर्षांचा आहे. सकाळी सकाळी पाहुण्यांच्या चपला एकेक करून हौदात टाकत होता आणि पकडायला गेलं की किंचाळून पळत होता. "एक क्षण स्वस्थ बसत नाही ग," बहीण मला सांगत होती. सून ओट्याशी उभी राहून चमच्यात गोळी चुरत होती. तो तीन वर्षांचा झाला की डॉक्टर काही आठवडे गोळी थांबवून बघणार आहेत, ग्रंथी स्वतः काम करते का ते. सुनेनं कॅलेंडरच्या मागच्या पानावर तो महिना लिहून ठेवला आहे.